माहेरची साडी आली त्या साली

आमच्या माणदेशात साल सांगायची रीत जरा वेगळी आहे. जुन्या माणसाला वय विचारलं तर तो आकडा सांगत नाही. ‘कोयनेचा भूकंप झाला तवा मी बैलामागं जात हुतो,’ असं सांगतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तिथून पुढचा हिशेब ऐकणाऱ्यानं करायचा. त्याच्या पुढची खूण १९७२ च्या दुष्काळाची. खडी फोडायला गेलेल्या बायांना ‘सुकडी’ म्हटलं की अजून तो वास आठवतो. मग गिरणी संपाची खूण. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या थांबल्या आणि आमच्या वाड्या-वस्त्यांवर माणसं वळकटी घेऊन परत आली. ह्या खुणांच्या रांगेत बायांनी एक खूण आपल्या हातानं बसवली आहे. ‘माहेरची साडी आली त्या साली माझं लगीन झालं.’ ‘माहेरची साडी आली त्या साली धाकटा पोटात हुता.’ भूकंप, दुष्काळ, संप आणि त्यांच्या मागोमाग एक पिक्चर!

शहरातल्या पाहुण्याला हे सांगितलं की तो हसतो. त्याला वाटतं, अडाणी माणसं, पिक्चरला भूकंपाच्या पंगतीला बसवतात. पण ती पाच-सहा वर्षं, म्हणजे १९९० ते १९९५, मी गावात राहून बघितली आहेत. तेव्हा मी तिशीतला होतो. दिवसा शेत आणि रात्री, जमेल तसा, पिक्चर. त्या काळातले माझे आवडते पिक्चर कोणते आणि ते का आवडले, हे सांगायचं म्हटलं तर नुसती नावं सांगून भागत नाही. ते कुठं बसून बघितले, शेजारी कोण होतं आणि बघून झाल्यावर घरात काय झालं, हेही सांगावं लागतं.

तंबू

आमच्याकडं पिक्चर यायचा तो जत्रेत. तालुक्याला टॉकीज होतं, पण रात्रीच्या खेळाहून परत यायला एसटी नव्हती. जत्रा मात्र हिवाळ्यात पाठोपाठ. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी. मग पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा. तिथल्या रथाला माणसं नोटांच्या माळा बांधतात. शिवाय खिलार जनावरांचा बाजार. जनावरं बघायला बाप्ये, बांगड्या भरायला बाया, आणि पाळण्यात बसायला पोरं. अंधार पडला की ही सगळी गर्दी दोनच ठिकाणी वळायची. एक तमाशाचा फड आणि दुसरा टुरिंग टॉकीजचा तंबू.

तंबू म्हणजे कळकट कापडाची मोठी राहुटी, भोवती कनात. मागच्या बाजूला एक जुनी मालट्रक उभी असायची आणि तिच्या पाठीत मशीन बसवलेलं. मशीनमध्ये बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणून त्यांच्यामध्ये ठिणगी पाडायची, तिचा तो पांढराफेक उजेड. कांडी जळत जाईल तशी मशीनवाला ती पुढं सरकवायचा. त्याला जरा डुलकी लागली की पडद्यावरचे नट-नट्या पिवळे पडायचे, आणि तंबूतून शिट्ट्या सुरू व्हायच्या. एका रिळाला दहा-अकरा मिनिटं. मराठी पिक्चर तेरा-चौदा रिळांचा. मशीन एकच असल्यामुळं रीळ बदलताना अंधार व्हायचा, आणि त्या अंधारात शेंगा फोडल्याचा आवाज यायचा.

बसायला जमीन. बायांनी घरून गोधडी आणायची, बाप्यांनी घोंगडं. मध्ये एक दोर नाहीतर कापड ताणलेलं. डावीकडं बाया, उजवीकडं बाप्ये. दिवसा जीपला कर्णा बांधून माणूस वाड्या-वस्त्यांवर ओरडत फिरायचा, आणि त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, की माता-भगिनींसाठी बसण्याची स्वतंत्र सोय केली आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या सोयीवर उभी आहे. गावातल्या बायांना रात्रीच्या वेळी घराबाहेर एकत्र बसायला तेव्हा दोनच जागा होत्या. एक कीर्तन, दुसरा तंबू. कीर्तनात बुवा बोलायचे आणि बायांनी माना हलवायच्या. तंबूत अंधार असायचा.

आमच्या आधीच्या पिढीनं ह्याच तंबूत ‘सांगत्ये ऐका’ बघितला होता. १९५९ सालचा अनंत मान्यांचा तो पिक्चर पुण्याच्या विजयानंदला अडीच वर्षांच्या आसपास चालला, हे आमचे म्हातारे स्वतः तिकीट फाडल्यासारखं सांगायचे. मग दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आला १९७१ ला, आणि पुढं दहा वर्षं तंबूवर दादांचंच राज्य. बाप्ये पोट धरून हसायचे. बायाही हसायच्या, पण पदर तोंडाला लावून, आणि दोराच्या पलीकडं सासरा बसलाय का हे आधी बघून.

व्हिडिओ आणि दूरदर्शन

नव्वद सालापर्यंत गावात आणखी दोन वाटांनी पिक्चर येऊ लागले होते. एक वाट दूरदर्शनची. ‘महाभारत’ लागायचं तेव्हा गावात मोजून चार टीव्ही होते, आणि त्या चार घरांची रविवारची सकाळ सगळ्या गावाच्या मालकीची झाली होती. शनिवारी संध्याकाळी मराठी पिक्चर लागायचा. त्याचं काही खरं नसायचं. नायिका रडायला लागली की लाईट जायची. आणि टीव्ही ज्याच्या घरी, त्या घरच्या सुनेनं पिक्चर बघायचा नसतो. तिनं आलेल्या बायांना पाणी द्यायचं असतं.

दुसरी वाट व्हिडिओची. गणपतीत मंडळाची पोरं वर्गणी काढून तालुक्याहून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्यानं आणायची. रात्री दहाला सुरू, पहाटे कोंबडा आरवला की बंद. तीनपैकी एक मारामारीचा असलाच पाहिजे. १९९० साली ‘घायल’, पुढं ‘फूल और कांटे’. त्यात अजय देवगण दोन मोटरसायकलींवर एकेक पाय ठेवून येतो. आमच्या वस्तीवरच्या दोन पोरांनी ते दोन सायकली घेऊन बंधाऱ्यावर करून बघितलं. एकाचा हात मोडला. तो आज ग्रामपंचायतीत सदस्य आहे, आणि हात दाखवत ती गोष्ट अजून सांगतो.

व्हिडिओवरच मी नाना पाटेकरचा ‘प्रहार’ बघितला. १९९१ सालचा. नानानं स्वतः दिग्दर्शन केलेला, आणि स्वतः मेजर चव्हाण झालेला. आमचा सातारा जिल्हा फौजेतल्या माणसांचा. अपशिंग्यासारख्या गावाच्या नावाआधी लोक ‘मिलिटरी’ लावतात. आमच्या गावातही रजेवर आलेले दोघं-तिघं जवान त्या रात्री चावडीपुढं बसले होते. पडद्यावर कमांडोंची पोरं चिखलातून सरपटत होती, आणि एरवी बडबड करणारे आमचे जवान एकदम गप्प झाले. पुढं त्यातला जायबंदी होऊन आलेला पोरगा आपल्या गल्लीत हप्ता मागणाऱ्या गुंडांकडून मारला जातो आणि सगळी गल्ली दारं लावून बसते. सरहद्दीवर लढणं सोपं, गल्लीत उभं राहणं अवघड, एवढं त्या पिक्चरनं आम्हाला सांगितलं. सकाळी एक जवान मला म्हणाला, ‘दादा, आमच्याबद्दल गाणी लय हायत. हे पयल्यांदा खरं दाखवलं.’

हा मुद्दा मला तेव्हा तेवढा कळला नाही. पुढच्या हिवाळ्यात कळला.

माहेरची साडी

‘माहेरची साडी’ १९९१ चाच. विजय कोंडक्यांनी काढलेला. ते दादा कोंडक्यांचे पुतणे. मूळ गोष्ट राजस्थानी, ‘बाई चाली सासरिये’ नावाच्या पिक्चरची. पुढं हिंदीतही जुही चावलाला घेऊन ‘साजन का घर’ झाला. म्हणजे गोष्ट एकट्या महाराष्ट्राची नाही. जिथं जिथं लेक सासरी जाते, तिथली आहे. मराठीत अलका कुबल लेक झाली, विक्रम गोखले बाप आणि उषा नाडकर्णी सासू. आई गेली आणि लेक आली, म्हणून बाप जन्मभर लेकीला पांढऱ्या पायाची समजतो. सासरी सासू छळते. माहेरी जावं तर बापाचं दार बंद. बाप शेवटी जागा होतो, पण तोवर वेळ निघून गेलेली असते.

ह्यात साडीचं काय, हे शहरात वाढलेल्या आजच्या पोरांना सांगावं लागेल. आमच्याकडं बाई जन्मभर सासरचं नेसते, पण मेल्यावर तिच्या अंगावर माहेरची साडी पडली पाहिजे. निरोप गेला की भाऊ साडी घेऊन निघतो, आणि तो येईपर्यंत तिरडी हलत नाही. म्हणजे बापाच्या घरचं शेवटचं कापड बाईला कधी मिळतं, तर तिला ते दिसत नाही तेव्हा. ही रीत सगळ्यांना माहीत होती. तिच्याकडं बोट कुणी दाखवलं नव्हतं.

शहरात तो पिक्चर महिनोन्‌महिने चालला. आमच्याकडं तंबूत यायला पुढचं साल उजाडलं. तोवर निम्म्या बाया गोष्ट ऐकूनच रडल्या होत्या. पुसेगावच्या यात्रेत तंबू लागला, आणि आमच्या वाडीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बाया निघाल्या. ट्रॉलीत गवत टाकलेलं, त्यावर गोधड्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, एक तर आठव्या महिन्यातली. ट्रॅक्टर चालवायला मी होतो, म्हणून मला हे सगळं बघायला मिळालं.

त्या रात्री तंबूत दोराची डावी बाजू भरून सांडली होती आणि उजवी निम्मी रिकामी. एरवी ह्याच्या उलट असायचं. खेळ सुरू झाला. पहिल्या दोन-तीन रिळांपर्यंत नेहमीचा कालवा होता. मग हळूहळू आवाज येईनासा झाला. आणि मग रडणं सुरू झालं. रडणं म्हणजे मुसमुसणं नव्हे. मयताच्या घरी बाया गळ्यात पडून रडतात, तसं. रीळ बदलायला अंधार व्हायचा तेव्हा शेंगा फोडल्याचा आवाज आला नाही, नुसता हुंदक्यांचा आला. बाप्यांच्या बाजूला एकानं टवाळी करायला तोंड उघडलं, तर त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्या मांडीवर चापट मारली.

परत येताना ट्रॉलीत कुणी बोललं नाही. एरवी येताना गाणी म्हणायच्या.

आता घरातली गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या चुलत्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांची लेक, माझी चुलत बहीण, आम्हा सगळ्यांची आक्का. तिला दिली होती पंचवीस-तीस किलोमीटरवर. लग्नातल्या मानपानावरून व्याह्यांशी बिनसलं, आणि अण्णांनी शब्द टाकला की त्या घराची पायरी चढणार नाही. चार वर्षं चढले नाहीत. दिवाळीला मूळ गेलं नाही, पंचमीला गेलं नाही. आक्काचं तिकडं काय चाललंय हे बाजारात भेटणाऱ्या माणसांकडून कळायचं, आणि जे कळायचं ते चांगलं नव्हतं. काकी अण्णांपुढं कधी बोलली नाही. तिनं कधी बोलायचंच नसतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

तंबूवरून आम्ही आलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. काकी झोपली नाही. पहाटे अण्णा धार काढायला गोठ्यात आले, तेव्हा ती चरवी घेऊन उभी होती. मी वैरण टाकत होतो. ती त्यांच्या तोंडाकडं न बघता म्हणाली, ‘आवं, लेकीला साडी ती जित्ती हाय तवर न्यायची, का मेल्याव न्यायची, तेवढं सांगा. म्हंजी मी तशी घिऊन ठिवती.’

अण्णा काही बोलले नाहीत. धार काढून झाली. चहा प्यायले. दिवसभर शेतात पाणी धरत होते. दुसऱ्या दिवशी म्हसवडचा बाजार नव्हता, तरी ते म्हसवडला गेले, आणि तिथून साडी घेऊन एसटीनं परस्पर व्याह्यांच्या गावाला. रात्री मुक्कामी राहिले. परत आले तेव्हा आक्का आणि तिची दोन वर्षांची पोरगी बरोबर होती. आठ दिवस राहून ती परत गेली.

ह्यानं आक्काचं सासर देवमाणसांचं झालं नाही. पिक्चरमध्ये शेवटी सगळ्यांना पश्चात्ताप होतो, तसं घरात होत नसतं. पण बाप येतो-जातो म्हटल्यावर हात उचलताना चार वेळा विचार झाला. वर्षातून दोनदा मूळ जायला लागलं. आक्का जगली, तिचा संसार मार्गी लागला. अण्णांनी तो पिक्चर मरेपर्यंत बघितला नाही. त्यांना बघायची गरजही उरली नव्हती.

त्या पिक्चरवर पुष्कळ टीका झाली. शिकल्या-सवरल्या माणसांनी त्याला रडारड म्हटलं. बाईनं सोसतच राहावं असं तो शिकवतो, असंही म्हटलं गेलं. ह्यातलं दुसरं म्हणणं मला खोटं वाटत नाही. त्या लेकीनं एकदा तरी उलट बोलायला पाहिजे होतं. पण हेच मी आमच्या घरात बोललो, तेव्हा बायको म्हणाली, ‘तुमाला शेवट दिसतो. मला ती भांडी घासताना दिसली. आजवर कुणी दाखवलंय का पडद्याव आमाला भांडी घासताना?’ मला त्या जवानाचं बोलणं आठवलं. दोघांचं म्हणणं एकच होतं.

आणि एक सांगतो. नवऱ्यानं किंवा त्याच्या माणसांनी बाईचा छळ केला तर तो गुन्हा, हा कायदा १९८३ साली आलेला आहे, कलम ४९८ अ. हुंड्याविरुद्धचा कायदा तर १९६१ चा. आमच्या वाडीतल्या एकाही बाईनं १९९२ पर्यंत ह्यातलं अक्षर ऐकलं नव्हतं. कायदा तालुक्याच्या कोर्टात राहिला. पिक्चर जत्रेत आला. ह्याचा अर्थ पिक्चर कायद्यापेक्षा मोठा असं मी म्हणत नाही. आपल्यावर चाललंय ते बोलण्यासारखं आहे, हे बाईला आधी कळावं लागतं. मग ती कोर्टाची पायरी विचारते. त्या वर्षी पाणवठ्यावर जे बोलणं सुरू झालं ते ‘तिची सासू’ म्हणून सुरू झालं, आणि बोलता बोलता ‘माझी सासू’ होऊ लागलं.

दादा कोंडक्यांनी १९९४ ला ‘सासरचं धोतर’ काढला. पुतण्याच्या साडीला काकाचं धोतर! बाप्ये हसले. बाया त्या पिक्चरला ट्रॉली भरून काही गेल्या नाहीत.

आणखी तीन

‘एक होता विदूषक’ १९९२ चा. जब्बार पटेलांचा. पटकथा पु. ल. देशपांड्यांची, गाणी ना. धों. महानोरांची. महानोर म्हणजे पळसखेड्याचे शेतकरी, त्यामुळं आम्हाला ते घरचे वाटायचे. तमाशातल्या बाईचा पोरगा सोंगाड्या होतो, मग पिक्चरचा हिरो होतो, मग राजकारणवाले त्याला खेळवतात. तो सोंगाड्या झाला होता लक्ष्मीकांत बेर्डे. तंबूवाल्यानं ‘लक्ष्याचा पिक्चर’ म्हणून कर्णा फिरवला. लोक हसायला आले, आणि मध्यंतरानंतर लोकांना हसावं की नाही ते कळेना. दोन दिवसांत तंबूवाल्यानं तो उतरवला. मी दोन्ही दिवस बघितला. दुसऱ्या दिवशी माझ्या पुढं बाजूच्या फडातला एक उतारवयातला सोंगाड्या बसला होता, रंग पुसून आलेला. खेळ संपल्यावर तो जागचा उठेना. फड आणि तंबू यांचं वैर होतं, कारण तंबूनं फडाची गर्दी ओढली होती. त्या दिवशी तंबूनं फडाची कैफियत मांडली. त्या पिक्चरच्या नृत्यांसाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मला पुढं पेपरात वाचायला मिळालं, आणि त्या म्हाताऱ्या सोंगाड्याला ते कुणी सांगितलं असेल का, असं मनात आलं.

‘चौकट राजा’ १९९१ चा. संजय सूरकरांनी केलेला, स्मिता तळवलकरांनी काढलेला. लहानपणी पडून डोक्याला मार लागलेला नंदू वयानं वाढतो, बुद्धीनं वाढत नाही. दिलीप प्रभावळकरांनी तो केला. तो मी टीव्हीवर बघितला, म्हणजे शेजाऱ्याच्या माजघरात. आमच्या गावातही असा एक पोरगा होता. पोरं त्याच्या मागं लागायची, मोठी माणसं त्याला चहा पाजून नाचायला लावायची. पिक्चरनंतर हे सगळं थांबलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण दुकानाच्या कट्ट्यावर त्याला कुणी नाच म्हटलं, की दुसरा कुणीतरी म्हणायचा, ‘ऱ्हाऊ दे की लेका, नंदू हाय त्यो.’ आधी त्याला नावच नव्हतं, येडा म्हणायचे. नंदू हे नाव त्याला त्या पिक्चरनं दिलं.

आणि ‘झपाटलेला’, १९९३ चा, महेश कोठाऱ्यांचा. त्यात तात्या विंचू नावाच्या गुंडाचा जीव बोलक्या बाहुल्यात शिरतो. बाहुला चालवायला रामदास पाध्ये, आणि लक्ष्या नेहमीसारखा घाबरायला. ह्या पिक्चरनं गावाचं काही भलं केलं असं मला म्हणता येणार नाही. माझी पोरं महिनाभर रात्री परसाकडं एकटी गेली नाहीत, मला कंदील घेऊन बरोबर जावं लागलं. तरी तो मला आवडतो. घरातली सगळी माणसं, म्हातारी धरून, एकदम ओरडली आणि एकदम हसली, असा दुसरा पिक्चर मला आठवत नाही.

बूट आणि छत्री

१९९४ च्या पावसाळ्यात ‘हम आपके हैं कौन’ आला. त्याची कॅसेट लवकर बाजारात आली नाही, त्यामुळं बघायचा तर थेटरात. आमच्यातली सधन घरं जीप करून साताऱ्याला गेली. चौदा गाणी, खाणं-पिणं आणि सूनबाईला सासरी नुसतं हसू. दोनच वर्षांपूर्वी ट्रॉलीतून रडत आलेल्या बाया हा पिक्चर बघून तोंड भरून बोलत होत्या. खोटं असलं तरी बघायला बरं वाटतं, म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या लगीनसराईत आमच्या मांडवात एक नवीन गोष्ट दिसली. नवरीच्या मैत्रिणींनी नवऱ्याचे बूट लपवले आणि पैसे मागितले. आमच्यात बूट लपवायची रीत नव्हती. आमच्यात कानपिळी. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम देतो, आणि मग त्याला मानाचं पागोटं नाहीतर कपडा मिळतो. कानपिळी अजून आहे, पण फोटोपुरती. बुटांची घासाघीस अर्धा तास चालते. मला बुटांचा राग नाही. पण कान पिळण्यात एक अर्थ होता. ‘माहेरची साडी’ बघून आलेल्या बाईला तो लगेच कळला असता.

त्याच सुमाराला छत्र्या आल्या. झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झाला होता. आमच्याकडं पत्र्याच्या घरावर पहिली डिश अँटेना बसायला पंच्याण्णव उजाडलं. मग बाभळीवरून, लाईटच्या खांबावरून काळी वायर घरोघर गेली. आता पिक्चर रोज तीन. सुनेला पाणी द्यायला उठायला नको, कारण बघायला बाहेरचं कुणी येतच नाही. हे चांगलंच झालं. सुनेनंही पिक्चर बसून बघितला पाहिजे. पण रडायला आलं तर ती एकटी रडते, आणि मधल्या जाहिरातीत डोळे पुसून भाकरी टाकून येते. तंबूत शंभर-दीडशे बाया एकदम रडल्या तेव्हा प्रत्येकीला कळलं होतं की हे आपल्या एकटीच्या घरात चाललेलं नाही. घरोघरच्या टीव्हीपुढं हे कळायला वाट नाही.

तंबू पुढंही पुष्कळ वर्षं येत राहिले. मग त्यांच्याही मशीनी बदलल्या. कार्बनच्या कांड्या गेल्या, रिळाचे पत्र्याचे डबे भंगारात गेले. गेल्या काही वर्षांत जत्रेत मी तंबूपुढं उभा राहिलो की आत डोकावून आधी डावी बाजू बघतो. तिथं आता पोरंच असतात, मोबाईल बघत.

मला माझे आवडते पिक्चर विचारले तर मी वर लिहिली ती नावं सांगतो. त्यात ‘माहेरची साडी’ पहिला. तो सगळ्यात चांगला केलेला आहे म्हणून नव्हे. ‘विदूषक’ त्याच्यापेक्षा चांगला केलेला आहे, हे मलाही कळतं. पण त्यानं आमच्या काकीला चार वर्षांनी तोंड उघडायला लावलं, आणि अण्णांसारख्या माणसाला एसटीत बसवलं. ह्याहून जास्त एखाद्या पिक्चरनं काय करायचं असतं, ते मला माहीत नाही.

अण्णा गेले, काकी गेली. काकीच्या वेळी तिच्या भाच्यानं माहेरची साडी आणली, रीतीप्रमाणं. आक्का आता सत्तरीकडं झुकली आहे. तिला दोन सुना. दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर आली की ती दोन्ही सुनांच्या माहेरी स्वतः फोन लावते आणि विचारते, ‘लेकीला न्यायला कवा येताय?’ ते म्हणाले की बघू, सुगी चाललीय, तर ती म्हणते, ‘सुगी ऱ्हाऊ द्या. साडी घिऊन या.’